लाल पिशव्या आणि ईडालिना बोर्बा

त्या सकाळी ईडालिना बोर्बा अंगणात नळाखाली रबरी बूट धूत होती. धुकं इतकं दाट होतं की समोरच्या बदामाच्या बागेतलं पहिलं झाडसुद्धा दिसत नव्हतं. त्या धुक्यातून एक पांढरी गाडी आली आणि फाटकाशी थांबली. गाडीच्या दारावर कॅलिफोर्निया राज्याचं बोधचिन्ह होतं. ते दिसलं मात्र, ईडालिनाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की कुणीतरी आपली चुगली केली.

संशय हा तिचा जुना सोबती. दुकानातून आणलेलं दूध वास घेतल्याशिवाय ती कपात ओतत नसे. चर्चमधल्या पाद्र्यानं जरा जास्त हसून विचारपूस केली तर हा आता वर्गणी मागणार, असं ती घरी येऊन सांगायची. तिचा नवरा जेर्मानो जिवंत असताना म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तर ही दारातच विचारेल, आधी कोण राहत होतं इथं आणि का गेलं?" जेर्मानोचं जन्मभराचं काम म्हणजे गाईंचं दूध काढणं. एका पहाटे गोठ्यातच छातीत कळ येऊन तो गेला. टुलेरीच्या आसपासचे पोर्तुगीज लोक बहुतेक सगळे गोठ्यांवरच वाढले, आणि बरेचसे गोठ्यांवरच मेले.

गाडीतून एक तरुण बाई उतरली. ठेंगणी, जाड चष्मा, हातात कागद लावलेली पाटी.

"ईडालिना बोर्बा तुम्हीच ना?"

"मीच. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"राज्याच्या आरोग्य खात्यानं. माझं नाव पा न्या व्हांग."

"खात्यानं पाठवलं ते गाडीवर दिसतंय, बाई. खात्याला कुणी पाठवलं, ते विचारतेय मी."

व्हांगबाई हसल्या नाहीत. "तक्रार आली आहे. तक्रार करणाऱ्याचं नाव आमच्याकडे नाही, आणि असतं तरी सांगता आलं नसतं. तुमच्या नावाच्या डब्यातली लाल पिशवी एका शेतावर उघड्यात सापडली, असं फोनवर सांगितलंय. शेत कुठलं ते सांगितलं नाही."

ईडालिनाच्या हातातला बूट तसाच राहिला. नळ वाहत होता.

लाल पिशवी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. जिथे माणूस मरून पडतो, कधी स्वतःच्या हातानं, कधी दुसऱ्याच्या, कधी नुसताच एकटा आणि उन्हाळ्यात बरेच दिवस, तिथे पोलीस येतात, देह उचलून नेतात आणि निघून जातात. मागे राहिलेलं साफ करायला कुणीतरी लागतं. ईडालिना ते करी. भिंतीचा चुना, गालिच्याचा तुकडा, गादी, उशी, ज्याला रक्त लागलंय ते सगळं लाल पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, वर आपलं नाव लिहायचं, आणि फ्रेस्नोला जिथे ते जाळतात तिथे नेऊन पोचवून पावती घ्यायची. राज्याकडे नाव नोंदवल्याशिवाय हे काम पैसे घेऊन करता येत नाही, आणि नोंदवल्यावर यातलं काही चुकवता येत नाही.

या कामात ती पडली कशी, तेही सांगायला हवं. जेर्मानो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाची लुर्देस म्हातारी घरात मेलेली सापडली. ईडालिना सूपचं भांडं घेऊन तिच्या मुलाला भेटायला गेली, तर तो अंगणात उभा. घराची सगळी दारं उघडी, आणि आत जायची त्याची छाती नाही. तो पोलिसाला विचारत होता, "बाकीचं कोण करतं?" पोलिसानं खांदे उडवले. ईडालिनानं सूप त्याच्या गाडीच्या टपावर ठेवलं, घरी गेली, जेर्मानोचे गोठ्यातले बूट चढवले आणि परत आली. संध्याकाळपर्यंत ती एकटी त्या घरात होती. बाहेर आली तेव्हा मुलगा तिच्या पाया पडायचाच काय तो राहिला.

मग एकाचं ऐकून दुसरा बोलवू लागला. लोक हातात पैसे कोंबू लागले. तेव्हा जेर्मानोच्या धाकट्या भावाचा मुलगा ऑर्लिंदो तिला म्हणाला, "काकू, असं चालत नाही. राज्याचा कायदा आहे. नाव नोंदवावं लागतं."

"म्हणजे आपणहून त्यांना सांगायचं, या आणि मला पकडा?"

"पकडायला नाही गं. तू नीट करतेस की नाही ते बघायला."

"तेच म्हणतेय मी."

ऑर्लिंदोनं आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिला नियम वाचून दाखवले. ईडालिना पोर्तुगालच्या तेर्सेरा बेटावरून आली तेव्हा शाळेचं वय जवळजवळ संपलेलं होतं, इंग्रजी बोलायला येई पण छापील कागद तिला परका वाटे. ती प्रत्येक नियमाला विचारी, हे का, ते का, आणि पटलं की एकदा पटलंच. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा तिनं ते बैठकीत लावलं आणि पहिले काही दिवस येताजाता त्यावरचं आपलं नाव बरोबर आहे ना, ते बघितलं. तेव्हापासून साफसफाई दोघांची, पण कागद आणि फ्रेस्नोची फेरी ऑर्लिंदोची. मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी घालणं तिला जमत नसे.

व्हांगबाईंनी मागची खोली बघितली. कुलूप बघितलं, डबे बघितले, हातमोजे, मुखवटे, गाडीचा मागचा भाग. सगळं आरशासारखं. मग त्यांनी फ्रेस्नोच्या पावत्या मागितल्या.

ऑर्लिंदो तेवढ्यात आलाच होता. दारात उभा राहून म्हणाला, "घरी नेल्यात फायलीला लावायला. आणून देतो."

"उद्या?"

"एकदोन दिवसांत."

व्हांगबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पाटीवर काहीतरी लिहिलं. "या आठवड्याच्या आत," त्या म्हणाल्या, आणि गाडी धुक्यात गेली.

ईडालिना तिकडे पाहतच नव्हती. तिच्या डोक्यात एकच भुंगा. कोण?

पहिला संशय गेला डेल क्रेब्सवर. डेल गालिचे धुण्याचं दुकान चालवी, आणि गालिच्याच्या नावाखाली हेही काम गुपचूप करी, नोंदणीशिवाय. दोनतीनदा त्याचं गिऱ्हाईक ईडालिनाकडे आलेलं होतं. ती तडक त्याच्या दुकानात गेली. डेल काउंटरमागे बसून मक्याच्या पानातला तमाले खात होता.

"तू फोन केलास राज्याला?"

"बस आधी. कसला फोन?"

"माझी तक्रार."

डेलनं तमाले खाली ठेवला आणि असा हसला की पोट हललं. "अगं बाई, जरा डोकं चालव. नाव नोंदवलेली तू. मी नाही. मी राज्याला फोन करून काय सांगू? अहो साहेब, माझ्यासारखंच काम करणारी एक बाई आहे, तिला बघायला या, आणि येताना वाटेत माझंही दुकान लागतं?"

"दुसऱ्याकडून करवला असशील."

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे वकील लावून बोलावं." त्यानं पुन्हा तमाले उचलला. "आपल्या माणसांत बघ जरा. परका माणूस इतके कष्ट घेत नाही."

त्याचं हे वाक्य ईडालिनाला बोचलं, आणि लगेच पटलंही. आपल्या माणसांत म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला. फिलोमेना. जेर्मानोची थोरली बहीण.

फिलोमेनाला हे काम पहिल्यापासून खुपत होतं. स्वतः ईडालिना करते ते करते, पण आपल्या भाच्याला, ऑर्लिंदोला, तिनं या मढ्यांच्या धंद्यात ओढला, हे तिचं दुखणं. पोराला कोण मुलगी देणार, असं ती चर्चच्या पायरीवर उभी राहून चारचौघींत म्हणाली होती. ते ईडालिनाच्या कानावर यायला दुपारसुद्धा व्हावी लागली नाही.

त्याच शनिवारी फिलोमेनाकडे डुक्कर कापायचं होतं. थंडी पडली की बेटावरची ही रीत इथेही चालते. सगळं गोत जमतं, पुरुष कापाकापी करतात, बायका आतडी धुतात, कांदा चिरतात, रक्ताची सॉसेजं भरतात. ईडालिना दरवर्षी जाई. यंदाही गेली, पण जेवायला नव्हे, बघायला. कोण आपल्याशी बोलतं, कोण नजर चुकवतं, कोण आपण आल्यावर गप्प होतं.

अंगणात चुलीवर मोठं भांडं तापत होतं. रक्ताच्या पातेल्यात हात घालून कुणीतरी ते सतत ढवळत राहावं लागतं, नाहीतर गोठतं. फिलोमेनाची सून म्हणाली, "मामी, तुम्ही ढवळा ना. तुम्हाला काय, सवय आहे."

दोघीतिघी हसल्या. ईडालिनानं बाह्या वर केल्या आणि ढवळायला बसली. तिच्या लक्षात आलं, शेजारची कांदा चिरणारी बाई पाट उचलून जरा पलीकडे सरकली. दरवर्षीही सरकत असेल, पण यंदा ते डोळ्यांत भरलं.

पुरुषांत आवेलिनो तोस्ते होता. ईडालिनाच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, त्यामुळे तीस वर्षं दोघं एकमेकांना कोंपाद्रे आणि कोमाद्रे म्हणत आले. रक्ताच्या नात्याहून ते नातं त्यांच्याकडे पातळ समजत नाहीत. म्हाताऱ्यानं गाई विकून टाकल्या होत्या, मोठा गोठा ओस पडला होता, आता तो आणि त्याचा कुत्रा एवढेच त्या जागेवर राहत.

"कोंपाद्रे, आलात!" ईडालिना ओरडली.

आवेलिनोनं टोपीला हात लावला. "आलो," एवढंच म्हणाला, आणि जेवण वाढायच्या आधीच धुक्याचं निमित्त करून निघून गेला. ईडालिनाला वाटलं, म्हातारपण. तिचं लक्ष फिलोमेनावर होतं.

आणि फिलोमेना आज गोड बोलत होती. "वहिनी, दमलीस का? वहिनी, वाइन घे." एवढं पुरे झालं. ईडालिनानं हात धुतले, पुसले, आणि स्वयंपाकघरात फिलोमेनाला गाठलं.

"ताई, मला स्पष्ट सांग. राज्याला फोन तू केलास?"

"कसला फोन?"

"माझ्या लाल पिशव्या शेतात पडल्यात म्हणून."

फिलोमेनाच्या हातात सुरी होती. ती तिनं शांतपणे ताटलीत ठेवली. "तुझं काम मला आवडत नाही, हे मी तुला सांगितलंय. तुझ्या तोंडावर. जेर्मानोच्या वर्षाच्या प्रार्थनेला आलेल्या लोकांसमोर सांगितलंय. मला जर तुझं वाकडं करायचं असतं ना, तर मी फोनमागे लपले नसते. इथे, या अंगणात, भांडं वाजवून सांगितलं असतं."

"मग आज एवढं गोड का बोलतेस?"

"तुझा चेहरा बघून! मेल्यासारखा झालाय. मला वाटलं, आजारीबिजारी आहेस." फिलोमेनाचा आवाज चढला. बाहेरच्या बायका चूप झाल्या. "आणि मला हे सांग, आठवडाभर गावभर फिरतेस, कुणी केलं, कुणी केलं. पिशव्या खरंच पडल्यात का, ते बघितलंस?"

ईडालिना पुसलेले हात पुन्हा पुसू लागली.

"बघितलंस का?"

"माझ्या पिशव्या? शेतात? मी टाकते का?"

"तू नाही टाकत. पण नेतं कोण?"

ईडालिनानं कोट घेतला आणि निरोप न घेता बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिला फिलोमेनाचा राग आला, मग डेलचा, मग त्या चष्मेवाल्या बाईचा. ऑर्लिंदोचा येईना. ऑर्लिंदो तिच्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. लुर्देसच्या घरानंतर दुसऱ्या कामाला तो स्वतःहून आला होता आणि एका शब्दानं कुरकुर न करता उभा राहिला होता. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या हाताचा संशय घेणं. पण एकदा मनात आलं ते आलं. पावत्या अजून आल्या नव्हत्या. फाईल घरी नेली म्हणतो. कधीपासून नेतोय घरी? आणि गेल्या महिन्यात फेरीवरून परत यायचा तेव्हा गाडीच्या चाकांना शेणमातीचा चिखल असायचा. फ्रेस्नोपर्यंत डांबरी रस्ता. तिनं स्वतः तो चिखल धुतला होता, आणि तिला, दुधाचा वास घेणाऱ्या बाईला, त्याचं काही वाटलं नव्हतं.

सोमवारी फेरीचा दिवस. धुकं तसंच. ऑर्लिंदोनं डबे गाडीत चढवले. तिनं दारातून विचारलं, "धुकं आहे रे. जातोस का आज?"

"जातो ना, काकू. सवय झाली."

"पावत्या आण आज. ती बाई पुन्हा येईल."

"आणतो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

गाडी फाटकाबाहेर पडली. ईडालिना आपल्या जुन्या गाडीत बसली आणि मागे निघाली. धुक्यात पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे सोडले तर काही दिसत नव्हतं, आणि तिनं आपले दिवे लावले नव्हते. हे किती वेड्यासारखं आहे, हे तिला कळत होतं. चौकात उजवीकडे गेलं की मोठा रस्ता, फ्रेस्नो. ती मनात म्हणत होती, वळ रे बाबा. उजवीकडे वळ.

लाल दिवे डावीकडे वळले.

डांबर संपलं, कच्चा रस्ता आला. एका बाजूला लांबच लांब पत्र्याची छपरं धुक्यातून पुढे सरकू लागली. ती जागा तिनं ओळखली. आवेलिनोचा ओस गोठा. गाडी मागच्या बाजूला, वासरांच्या जुन्या छपरीशी थांबली. ऑर्लिंदो उतरला, मागचं दार उघडलं, पहिला डबा उचलला.

ईडालिना गाडीतून उतरली. दार जोरात लागलं. तो दचकून वळला आणि डबा त्याच्या हातून निसटला.

"फ्रेस्नो हेच का रे?" ती म्हणाली.

ती त्याला ओलांडून छपरीत गेली. आत डबे रचून ठेवलेले. नीट, ओळीनं, झाकणं घट्ट, वर तिचं नाव, ताडपत्री पांघरलेली. फक्त कडेचा एक डबा आडवा झालेला, झाकण कुरतडलेलं, आणि लाल पिशवीचे तुकडे गवतात. कुत्र्याचं काम.

"किती दिवस?"

"धुकं पडल्यापासून."

"का? पैशासाठी? तिकडच्या जाळण्याचे पैसे तू..."

"नाही!" तो ओरडला. "पैसे सगळे ठेवलेत. पाकिटात आहेत. धुकं गेलं की सगळं एकदम नेणार होतो. देवाशपथ, काकू."

"मग का?"

तो डब्यावर बसला. ज्याच्यावर बसू नये असं तिनंच त्याला शिकवलं होतं, पण ती काही म्हणाली नाही.

"धुक्याच्या पहिल्या आठवड्यात," तो म्हणाला, "मोठ्या रस्त्यावर पुढे काहीतरी झालं. मी वेळेवर थांबलो. रस्त्याच्या कडेला घेतली गाडी. आणि मग मागून येत राहिल्या. दिसत काही नव्हतं. नुसते आवाज. एक आदळली, मग दुसरी, मग ट्रक. मग थोडं शांत, वाटलं संपलं, की पुन्हा एक. आणि मधे कुणीतरी बाई हाका मारत होती. नाव घेऊन. कुणाचं तरी नाव." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी उतरलो नाही. माझ्याकडे हातमोजे, सगळं. मी गाडीतच बसून राहिलो. आवाज बंद झाल्यावर वळवली आणि इथे आलो."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? भिंतीवरचं रक्त पुसणारा माणूस रस्त्याला घाबरतो? तू म्हणाली असतीस..."

"काय म्हणाले असते मी?"

"माहीत नाही. पण माझ्याकडे बघितलं असतंस, त्या गाद्यांकडे बघतेस तशी. कुठे कुठे खराब झालंय ते."

ईडालिनाला रागावायचं होतं, ते तिनं घरातून बरोबर आणलं होतं, पण आता त्याचं काय करावं ते कळेना. इतक्यात कुत्रा भुंकला आणि मागून आवाज आला, "मला वाटलंच, गाडीचा आवाज."

आवेलिनो काठी टेकत आला होता. त्यानं ऑर्लिंदोकडे पाहिलं, ईडालिनाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं.

"तर तुला माहीत नव्हतं," तो तिला म्हणाला.

त्या एका वाक्यात ईडालिनाला सगळं उमगलं. "फोन तुम्ही केलात."

"मी केला. कुत्र्यानं उशीचा तुकडा आणून दारात टाकला. इथे येऊन बघतो, तर सगळीकडे तुझं नाव. माझी विहीर इथून हाकेवर आहे, कोमाद्रे."

"मग मला हाक मारायची! तीस वर्षं कोंपाद्रे म्हणतेय मी तुम्हाला. राज्याला फोन, आणि मला नाही?"

म्हातारा काठीनं गवत उकरत राहिला. "दोनदा गाडी काढली तुझ्याकडे यायला. पण वाटलं, विचारलं आणि तू खोटं बोललीस, तर? मग मी काय करायचं? राज्याशी खोटं बोललीस तर ते तुझं आणि राज्याचं. माझ्याशी बोललीस तर..."

"मी खोटं बोलेन असं वाटलं तुम्हाला."

"वाटलं. तुझंच नाव होतं ना डब्यांवर." मग जरा थांबून, "तुला कोण वाटलं होतं?"

ईडालिनाला डेल आठवला, फिलोमेना आठवली, कांद्याचा पाट उचलणारी ती बाईसुद्धा आठवली. "सगळे," ती म्हणाली. "फक्त तुम्ही नाही." आणि हे बोलताना तिला रडू आलं, ते रागाचं की कशाचं, तिलाही सांगता आलं नसतं.

घरी जाऊन तिनं स्वतः व्हांगबाईंना फोन लावला. ऑर्लिंदो म्हणत होता, आधी डबे फ्रेस्नोला पोचवू, मग सांगू. ती म्हणाली, "एकही डबा हलवायचा नाही. जसं आहे तसं बघू दे तिला." फोनवर तिनं सांगितलं, "बाई, तक्रार खरी आहे. माझंच आहे ते. या, दाखवते." तक्रार खरी आहे असं सांगणारा फोन व्हांगबाईंना फारसा येत नसावा. त्यांनी विचारलं, "कुणी सांगायला लावलं का तुम्हाला?" ईडालिनाला त्या प्रश्नाचा राग आला नाही. तिनंही हेच विचारलं असतं.

व्हांगबाई आल्या, फोटो काढले, विहिरीचं पाणी तपासायला नेलं. पाणी चांगलं निघालं. डबे दुसऱ्याच एका नोंदणीकृत माणसाकडून जाळायला गेले. ईडालिनाची नोंदणी थांबवली गेली, दंड झाला. फ्रेस्नोला सुनावणी झाली, तिथे ऑर्लिंदोनं उभं राहून सगळं सांगितलं, गाडीतून न उतरल्याचंसुद्धा, जे कुणी त्याला विचारलं नव्हतं. तो हिवाळा ईडालिनानं एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून काढला. लोकांचे फोन येत, कुणाचा भाऊ, कुणाची आई. ती म्हणे, "मला आता परवानगी नाही." डेलचं नाव तिनं एकदाही दिलं नाही. जिची नोंदणी आहे अशा फ्रेस्नोच्या एका बाईचा नंबर ती देत राहिली.

बदामाचा बहर झडून गेला तेव्हा नोंदणी परत मिळाली, पण अटी घालून. प्रत्येक फेरीची पावती थेट खात्याला. ऑर्लिंदोनं गाडी चालवणं सोडलं ते सोडलंच. साफसफाईला मात्र येत राहिला. फिलोमेनानं त्याला चर्चच्या एका गटात नेलं, जिथे लढाईवरून परतलेले, अपघातातून वाचलेले बसून बोलतात. तिथे काय बोलतात ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि ईडालिनानं, तिच्या स्वभावाला न जुमानता, विचारलं नाही.

मोठ्या रस्त्यावर गाडी घालायला ती वयाच्या साठीत शिकली. शिकवलं आवेलिनोनं, शेजारच्या सीटवर काठी धरून बसून. पहिल्या दिवशी ट्रक शेजारून गेला तसा तो ओरडला, "बाई, डोळे उघडे ठेव!" ती म्हणाली, "उघडेच आहेत. तुम्ही तुमचे मिटलेत." दोघांमधलं बोलणं पूर्वीसारखं झालं, असं म्हणता यायचं नाही. तो तिच्याकडे येई, सूप खाई, कोमाद्रे म्हणे. पण कधीकधी बोलता बोलता मधेच थांबून दोघं एकमेकांकडे बघत, दुसरा काय विचार करतोय ते ताडायला, आणि मग कुणीतरी घाईघाईनं गाईंचा विषय काढी.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं धुकं पडलं त्या सोमवारी ईडालिना डबे चढवत होती. ऑर्लिंदो दारात उभा होता. "काकू, थांब. धुकं उतरू दे."

"थांबतेच आहे," ती म्हणाली. तिनं फोन उचलला, व्हांगबाईंना सांगितलं की आज फेरी होणार नाही, रस्ता दिसत नाही, डबे कुलपात आहेत, हवं तर बघायला या. मग दोघं स्वयंपाकघरात बसून पाव आणि चीज खात राहिली. दुपारी ऊन पडलं तेव्हा ती निघाली.